माजी सैनिक व त्यांची कुटुंबे : व्यक्तिगत कहाण्यांचे स्मारकमूल्य

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ आढळतो. तळच्या पट्टीवर धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर युद्धप्रसंग, त्यावर अप्सरांसमवेत स्वर्गारोहण आणि सर्वांत वर शिवपूजन, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. बहुसंख्य वीरगळांवर लेख कोरलेला नसतो. वीर कोण होता आणि त्याच्या मागे कोण राहिले, हे शिळा सांगत नाही. काही ठिकाणी शेजारी सतीशिळा असते. तीवर बांगड्या ल्यालेला हात दिसतो. पत्नीची नोंद होते ती तिच्या मरणामुळे. मागे राहून संसार चालविणाऱ्या स्त्रीला या शिल्पपरंपरेत स्थान नाही.

सैनिकाच्या स्मरणातील या दोन उणिवा, नावाचा अभाव आणि कुटुंबाचा अभाव, आधुनिक काळातही टिकून राहिल्या. व्यक्तिगत कहाण्यांची पद्धतशीर नोंद हा त्यांवरील उपाय कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्मारकावरील संख्या

पहिल्या महायुद्धात ‘पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखला जाणारा हिंदी सैन्याचा सहावा विभाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होता. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथे तो सुमारे पाच महिने वेढ्यात अडकला. १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी त्यात होत्या. उपासमार व रोगराईनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली आणि बंदिवासात असंख्य सैनिक दगावले.

या आघाडीवर मरण पावलेल्या व ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु हिंदी शिपाई, नाईक व हवालदार यांची पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. उलट, फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. सैनिक तेच, युद्ध तेच. मात्र युरोपच्या भूमीवर ज्याला नाव मिळाले, त्याला आशियात आकडा मिळाला.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या विशेष समितीने २०२१ मध्ये सादर केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य करण्यात आला. आशिया व आफ्रिकेतील किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मरण झाले नसावे, असा तिचा निष्कर्ष होता. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. युद्धानंतर हिंदुस्थानातील अनेक गावांत बसविलेल्या शिळांवरही गावातून किती माणसे गेली व किती परतली नाहीत, एवढेच नमूद असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने ओळखले जाते. या एका गावाचे ४६ सैनिक त्या महायुद्धात कामी आले. ४६ हा आकडा अभिमान जागवितो. पण त्या ४६ घरांत पुढे काय घडले, हे तो सांगू शकत नाही.

नावाकडून कहाणीकडे

स्वतंत्र भारताने नावाची उणीव मोठ्या प्रमाणावर भरून काढली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळात वीरमरण आलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. तथापि नाव ही ओळखीची सुरुवात होय. शिवाय जे लढले आणि परत आले, त्यांच्यासाठी अशी भिंत नसते. त्यांचे स्मारक त्यांच्या कथनातच संभवते.

या दृष्टीने अमेरिकेतील ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ हा उपक्रम अभ्यसनीय आहे. तेथील काँग्रेसने २००० साली कायदा करून तो सुरू केला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आज लाखाहून अधिक सैनिकांची कथने, पत्रे व छायाचित्रे जतन केलेली आहेत. मुलाखत किमान ३० मिनिटांची व काटछाट न केलेली असावी, ही त्याची प्रमुख अट आहे. मुलाखत घेणारा इतिहासतज्ज्ञच असावा असे बंधन नाही. विद्यार्थी किंवा नातेवाईकही ती घेऊ शकतात. २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सेवेत मृत्यू पावलेल्यांचे आईवडील, जोडीदार, भावंडे व मुले यांच्या मुलाखतींचाही त्यात समावेश झाला. कुटुंब हे केवळ सांत्वनाचे पात्र नसून इतिहासाचा साक्षीदार आहे, हे त्यातून मान्य झाले.

कुटुंबाची साक्ष

सैनिक लढाईबद्दल बोलतो, पण स्वतःबद्दल क्वचितच बोलतो. तो सीमेवर असताना शेती कोणी कसली, सासूसासऱ्यांचे आजारपण कोणी काढले, मनीऑर्डर उशिरा आली तर घर कसे चालले, दारात तारवाला दिसताच काय वाटले, याची माहिती पत्नी वा आईच देऊ शकते. शिपाई दर्जाचे बहुतेक सैनिक चाळिशीच्या आसपास निवृत्त होत आले आहेत. पुढील आयुष्य दुसरी नोकरी शोधण्यात आणि वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या मुलांशी नव्याने नाते जोडण्यात जाते. सैनिकी जीवनाचा हा उत्तरार्ध कोणत्याही पदकावर नोंदविलेला नसतो.

केवळ गौरवपर भाषणांत या बाबी येत नाहीत. ७ डिसेंबरचा ध्वजदिन किंवा १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन साजरा करताना शाल व श्रीफळ देऊन सत्कार होतो. परंतु सत्कारमूर्तीला बोलण्यास पाच मिनिटेही मिळत नाहीत. सन्मान म्हणजे प्रशंसा करणे, तसेच ऐकून घेणेही होय.

नोंदीची पद्धती

महाविद्यालयीन स्तरावर असे कार्य हाती घेताना काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. निवेदकाची लेखी संमती घ्यावी आणि कथन थांबविण्याचा वा त्यातील भाग वगळण्याचा त्याचा अधिकार मान्य करावा. प्रश्न मोकळे असावेत. ‘भीती वाटली नाही ना?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न टाळावेत. पती व पत्नी यांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात, कारण एकत्र बसल्यास पत्नी बहुधा गप्प राहते. निवेदकाची बोली प्रमाण भाषेत बदलू नये. मानसिक आघाताच्या प्रसंगी आग्रह धरू नये. सुरक्षेशी निगडित गोपनीय तपशील नोंदवू नयेत.

स्मृतीला मर्यादा असतात. तारीख चुकते, दोन प्रसंग एकत्र होतात, ऐकलेले पाहिल्यासारखे वाटू लागते. म्हणून सेवापुस्तिका, पत्रे व पलटणीचा इतिहास यांच्याशी कथन ताडून पाहावे. तफावत आढळल्यास मूळ कथन न बदलता टीप जोडावी. ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रंथालयात व एक प्रत कुटुंबाकडे असावी. निवेदकांपर्यंत पोहोचण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य होऊ शकते.

समारोप

१९६२ व १९६५ च्या युद्धांत लढलेले सैनिक आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. १९७१ च्या युद्धातील तरुण शिपाई सत्तरी ओलांडून गेले आहेत. कुत येथील मराठा शिपायाची कहाणी ऐकण्याची संधी केव्हाच हातची गेली. बसऱ्याच्या शिळेवर त्याच्या वाट्याला आकडा आला आणि त्याच्या पत्नीच्या वाट्याला तोही आला नाही. १९७१ च्या सैनिकांबाबत व त्यांच्या घरातील स्त्रियांबाबत ती संधी अद्याप शिल्लक आहे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन महाविद्यालयाच्या परिसरातील गावांपासून आरंभ केल्यास, सैनिक आणि त्याचे कुटुंब या दोघांनाही त्यांच्या नावानिशी व त्यांच्या शब्दांत इतिहासात स्थान मिळेल.