भांडवल चाकणला, पाणी उजनीत

विकसनशील देशांत परकीय भांडवल येते तेव्हा त्याच्या मागोमाग प्रदूषणही येते काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षे चर्चीत आले आहेत. श्रीमंत राष्ट्रांतील कडक निर्बंध चुकवून मलिन उद्योग शिथिल कायद्यांच्या मुलखात आसरा घेतात असे एक मत, तर परकीय कंपन्या आपल्यासोबत स्वच्छतर यंत्रसामग्री आणतात असे दुसरे. सोलापूरकराला या वादाचा निवाडा पाहावयाचा असेल, तर त्याने उजनीपासून भीमेच्या काठाकाठाने वर जावे.

भीमेला तुळापुरास इंद्रायणी मिळते आणि पुढे, पवनेचे पाणी पोटात घेतलेली मुळा-मुठाही तिला येऊन मिळते. म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण या साऱ्या पट्ट्याचा निचरा अखेर उजनीच्या यशवंतसागरात साठतो. सन १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातले ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठ्याचे. दुष्काळी उन्हाळ्यात वरचा साठा सरला की तेच तळाचे पाणी जलवाहिनीने पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात येते आणि सोलापूरच्या नळांतून, तेही काही दिवसांआड, घरोघर पोहोचते. त्या दिवसांत जलाशयावर हिरव्या शेवाळाचा दाट तवंग धरतो, पाणी ओसरेल तसा तो काठच्या दगडांवर वाळून पापुद्रे सोडतो, आणि कोळ्यांच्या जाळ्यात देशी मासे विरळ होऊन घाण पाण्यातही तग धरणारी चिलापीच अधिक येते.

१९९१ च्या जुलैत केंद्र सरकारने परकीय गुंतवणुकीची दारे उघडली. २००८-०९ च्या सुमारास जनरल मोटर्स तळेगावास, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ चाकणला आल्या. मोटारी जुळवणारे हे मोठे कारखानेच नदी नासवतात असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु अशा प्रत्येक कारखान्याभोवती सुटे भाग घडवणारी, प्लेटिंग आणि रंगकाम करणारी लहान वर्कशॉपे उभी राहतात, त्यांच्याभोवती लाखो कामगारांची वस्ती वाढते, आणि त्या वस्तीच्या सांडपाण्याचा खर्च गुंतवणुकीच्या करारात कोणाच्याच खाती मांडलेला नसतो. उजनी हिरवी होते ती मुख्यतः या मैल्यातील आणि शेतखतांतील नत्र-स्फुरदामुळे.

या बाबतीत वारकऱ्यांनी एकदा जे केले त्याची नोंद अर्थशास्त्रानेही घ्यावी अशी आहे. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची; तिला जबाबदार असलेली युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली, आणि त्याच डाऊचे संशोधन केंद्र चाकणजवळ शिंदे-वासुली येथे इंद्रायणीच्या खोऱ्यात उभे राहू लागले तेव्हा, २००८ साली, गावकऱ्यांनी रस्ता अडवला आणि बंडातात्या कराडकरांसारखे वारकरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या जुलैत बांधकामाची जाळपोळ झाली, तिचे समर्थन मी करणार नाही. पण आळंदीच्या पाण्यात जे मिसळेल ते पंढरीच्या चंद्रभागेपर्यंत पोहोचते, हे पायी चालणाऱ्यांना उमगले होते आणि परवाने देणाऱ्या दप्तरांना उमगले नव्हते. अखेर कंपनीला ती जागा सोडावी लागली.

शिथिल कायद्याचे मत मात्र आपल्याकडे पुरते लागू पडत नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, १९७४ मध्ये केंद्राचाही कायदा आला. उणीव राहिली ती अंमलबजावणीची. आज मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेचे कर्ज घेतले आहे, त्याचा करार २०१६ चा. उद्योगासाठी परकीय भांडवल घ्यावयाचे आणि नदी धुण्यासाठी परकीय कर्ज, हा हिशेब फार दिवस चालणारा नाही.

प्रदूषण करील त्याने भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे. तेव्हा वरच्या पट्ट्यातील उद्योगांकडून आणि महापालिकांकडून उजनीच्या शुद्धीकरणाचा खर्च वसूल व्हावा, आणि धरणातील पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष दरमहा मराठीत सोलापूरच्या नागरिकांपुढे ठेवले जावेत, ही मागणी जिल्ह्यातील प्रत्येक नगरसेवकाने, आमदाराने आणि खासदाराने पक्षभेद विसरून लावून धरावी.