सावलीचा रंग कोणता?

बाळांनो, सावलीचा रंग कोणता? काळा म्हणालात ना? फ्रान्समध्ये बर्थ मोरिझो नावाची एक चित्रकार होऊन गेली. तिला विचारलं असतं, तर तिनं काळ्याची ट्यूब बाजूला सारून निळी उचलली असती.

बर्थ जन्मली 1841 साली. गंमत बघा, रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंटही त्याच सालचं! त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे. ट्यूब आल्या आणि रंग खिशात घालून बागेत जाणं सोपं झालं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळाला 1897 मध्ये, बर्थ गेल्यावर दोन वर्षांनी. म्हणून ती खासगी शिक्षकांकडे शिकली.

चित्रं काढली ती घरच्याच माणसांची. 1872 च्या ‘पाळणा’ या चित्रात तिची बहीण एडमा तान्ह्या ब्लांशकडे बघत बसली आहे. पाळण्यावरची जाळी पांढरी. पण नीट पाहिलं, तर तिच्यात निळसर, करड्या, गुलाबी छटा सापडतात. पुढच्या चित्रांत मुलं बागेत आली. फुलपाखरं पकडायची जाळी घेतलेली एडमा आणि तिची मुलं, मग बर्थची स्वतःची लेक ज्युली. मुलं एका जागी बसतात होय? ऊनही बसत नाही. म्हणून बर्थचे फटकारे झपाझप पडलेले दिसतात.

आता निळ्या सावलीचं गुपित सांगतो. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. हवेचे रेणू त्यातला निळा, तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात. म्हणून आकाश निळं. हे गणित लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडलं, ‘पाळणा’च्या आदल्याच वर्षी. तुम्ही उन्हात उभे राहिलात, की तुमचं अंग थेट ऊन अडवतं. पण वरच्या आकाशाला कोण अडवणार? तिथला निळा उजेड सावलीत पडतच राहतो. त्यात शेजारचं ऊन पिवळसर, त्यामुळे निळा आणखी उठून दिसतो.

मग आपल्याला तो रोज का दिसत नाही? मेंदू चलाख आहे. सदरा पांढरा, हे त्याला आधीच ठाऊक असतं. सावलीतला निळेपणा तो परस्पर वजा करून टाकतो. बर्थनं त्या वजाबाकीवर विश्वास ठेवला नाही. डोळ्यांना दिसलं ते रंगवलं.

1874 मध्ये पॅरिसला भरलेल्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात ‘पाळणा’ मांडलं गेलं. तिथं मोने, रनवार, देगा यांच्या रांगेत ती एकटीच बाई होती. पुष्कळ टीकाकारांनी त्या प्रदर्शनाची टर उडवली. आज तेच चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मानानं टांगलेलं आहे.

तर उद्या आभाळ निरभ्र असेल, तेव्हा अंगणात एक पांढरा कागद ठेवा आणि त्यावर काठीची सावली पाडा. घाई करू नका, नीट बघा. मग रंगपेटी उघडा. काळ्याला मात्र त्या दिवशी सुट्टी द्या.