गाडीला चरा गेलाय? आधी नख फिरवून बघा!

गड्ड्याच्या गर्दीत बाबांची कार घेऊन गेलो होतो. होम मैदानावरून परत येऊन बघतो तर मागच्या दारावर हातभर चरा! पोटात गोळाच आला. हप्ते फेडून घेतलेली गाडी, आता घरी काय सांगायचं?

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी पाण्याने धूळ धुवा. कोरडं फडकं मारलंत तर धुळीनेच आणखी चरे पडतात. मग चऱ्यावर आडवं नख फिरवा. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. नख अडकलं नाही, तर चरा बहुतेक वरच्या थरातच आहे. रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने तो जातो किंवा फिका पडतो. नख अडकलं तर टच-अप लागेल. पत्रा उघडा दिसला तर मात्र टाळू नका, गंज धरतो.

आणि लगेच इन्शुरन्स क्लेम? थांबा. एक वर्ष क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस २० टक्के मिळतो, सलग पाच वर्षांनी ५० टक्के. छोट्या चऱ्यासाठी तो घालवायचा का, हिशेब करा.

माझं नख अडकलं नाही. तरी घरी खरं तेच सांगितलं. बाबांनी स्वतः नख फिरवून पाहिलं. म्हणाले, "पॉलिश तू करायचं. रविवारी."