मठजीवनातील शोधकथा : सिस्टर फिडेल्मा आणि लीळाचरित्र

प्रस्तावना :
मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे दीर्घकाळ केवळ रंजनपर वाङ्मय म्हणून पाहिले. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहूनही विद्यापीठीय अभ्यासक्रमात या प्रकाराला फारसे स्थान मिळाले नाही. युरोपात मात्र एलिस पीटर्स यांची ब्रदर कॅडफेल मालिका (१९७७ पासून) व उंबर्तो इको यांची 'द नेम ऑफ द रोज' (१९८०) यांमुळे मध्ययुगीन मठजीवनावरील ऐतिहासिक रहस्यकथा हा उपप्रकार प्रतिष्ठित झाला. प्रस्तुत लेखात पीटर ट्रेमेन यांच्या सिस्टर फिडेल्मा मालिकेच्या आधारे या उपप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करून, मराठीत त्याला महानुभाव वाङ्मयाचा आधार कितपत मिळू शकतो, याचा विचार केला आहे.

फिडेल्मा मालिकेचे स्वरूप :
पीटर ट्रेमेन हे केल्टिक इतिहासाचे अभ्यासक पीटर बेरेसफर्ड एलिस यांचे टोपणनाव होय. मालिकेतील पहिली कादंबरी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. ईस्टरचा दिवस कसा ठरवावा, या वादावर इ. स. ६६४ मध्ये व्हिटबी येथे भरलेली धर्मसभा ही तिची पार्श्वभूमी आहे. सभेत आयरिश पक्ष मांडणाऱ्या मठाध्यक्षेचा खून होतो आणि त्याचा तपास फिडेल्मा व सॅक्सन भिक्षू एडल्फ यांच्याकडे येतो. फिडेल्मा धर्मसंघातील भगिनी आहे, त्याचप्रमाणे प्राचीन आयरिश ब्रेहन कायद्याची विदुषी व अधिवक्ताही आहे. हा कायदा देहदंडापेक्षा भरपाईवर भर देणारा होता. बोटांचे ठसे किंवा रासायनिक परीक्षण यांची सोय नसलेल्या या काळात तपासाचा मुख्य आधार एकच उरतो, तो म्हणजे साक्ष. कोणी काय पाहिले, कोणी केवळ ऐकले आणि कोण काय लपवीत आहे, यांचा विवेक हाच या कथांचा प्राण आहे.

म्हाइंभटांची शोधपद्धती :
हाच विवेक यादवकालीन मराठीत आढळतो. श्रीचक्रधरांच्या परिवारात स्त्री-पुरुष दोघांनाही स्थान होते. महदाइसा तर जिज्ञासू, सतत प्रश्न विचारणारी शिष्या म्हणून लीळाचरित्रात ठळकपणे दिसते. स्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील व्यक्तींना गाठून आठवणी मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. आधुनिक परिभाषेत ही साक्षीदारांची तपासणीच होय. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर ग्रंथ स्मृतीच्या आधारे पुन्हा सिद्ध झाला आणि त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यांतील एक हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिले गेले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांतून त्यांचा उलगडा झाला. हरवलेली प्रत, परस्परांहून भिन्न साक्षी व गुप्त लिपी ही रहस्यकथेची सामग्री येथे इतिहासातच उपलब्ध आहे.

मर्यादा व दक्षता :
तथापि येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. रहस्यकथेला अखेर एकच निर्विवाद उत्तर हवे असते. पाठपरंपरा मात्र भिन्न साक्षी शेजारी शेजारी नांदू देते. शिवाय महानुभाव पंथ हा आजही जिवंत श्रद्धासंप्रदाय आहे. श्रीचक्रधरांच्या अखेरच्या पर्वाविषयी पंथीय श्रद्धा आणि काही संशोधकांची मते यांत अंतर आहे. अशा प्रसंगी कादंबरीकाराने कल्पनेने निकाल देणे योग्य ठरणार नाही. गुन्हा व गुन्हेगार काल्पनिक असावेत. काळ, आचारधर्म व भाषा मात्र साधार असावी, ही मर्यादा ट्रेमेन यांच्या लेखनावरूनही सुचते.

निष्कर्ष :
ऐतिहासिक रहस्यकथेचे यश खुनाच्या चमत्कृतीपेक्षा त्या काळातील पुरावाविचाराच्या ज्ञानावर अवलंबून असते. मराठीत या विचाराची परंपरा गद्याच्या प्रारंभापासून आहे. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांत लीळाचरित्र बहुधा परीक्षेपुरते, जुन्या भाषेचा नमुना म्हणून शिकविले जाते. एखाद्या लीळेचे दोन पाठ विद्यार्थ्यांसमोर ठेवून 'हे कोणी पाहिले व कोणी सांगितले?' असा प्रश्न विचारल्यास तोच ग्रंथ शोधबुद्धीचा पहिला पाठ ठरू शकेल. मराठीतील फिडेल्मा घडायची असेल, तर तिचा आरंभ अशा वर्गातूनच होईल.