लोणार : उल्केने कोरलेलं गाव

यवतमाळकरांनो, वाशीम-रिसोडमार्गे एकदा लोणार गाठाच! बुलढाणा जिल्ह्यातलं हे छोटंसं गाव, आणि त्याच्या अगदी कडेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. उल्का आदळून काळ्या कातळात तयार झालेलं. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली खरी, पण त्याआधी ‘आइन-ए-अकबरी’तही इथल्या क्षारांचा उल्लेख आहे, साबण आणि काच बनवायला ते उपयोगी पडत.

विवरातल्या सरोवराचं पाणी खारट, साबणासारखं बुळबुळीत. काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोड, तेही बारमाही! खारं आणि गोडं इतकं जवळ जवळ, मला तर याचंच सर्वांत नवल वाटतं.

गावातलं दैत्यसूदन मंदिर घाईत पाहू नका. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. आत मान वर करून छतावरचं कोरीवकाम निरखा. मग विवरातल्या झाडीतून खाली सरोवराकाठी उतरून कमळजा देवीचं दर्शन घ्या.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जाही मिळाला. हिवाळ्यात जा, पहाटेच. मोर हमखास दिसतात.