घाशीराम असा का झाला?

घाशीराम म्हटलं की आपल्याला क्रूर कोतवाल आठवतो. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणूनही नावारूपाला आले. हा योगायोग मला फार आवडतो, कारण हे नाटक मानसशास्त्राच्या चष्म्यातून वाचण्यासारखंच आहे. इतिहासात या नावाचा कोतवाल होऊन गेला, १७९१ साली लोकांनी त्याला ठार केलं. पण मी बोलतोय ते फक्त नाटकातल्या घाशीरामाबद्दल.

तो मुळात दुष्ट नाही. कनौजहून बायको-मुलीला घेऊन पोट भरायला पुण्यात आलेला एक परका माणूस. दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार बसतो, कोठडी मिळते आणि शेवटी शहराबाहेर हाकललं जातं. इथे तो सूडाची शपथ घेतो. मग स्वतःची मुलगी, गौरी, नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो.

सूड म्हटलं की झालं, असं आपल्याला वाटेल. पण सूडाने सगळं उलगडत नाही. ॲना फ्रॉइड (सिग्मंड फ्रॉइडची मुलगी) हिने १९३६ सालच्या पुस्तकात मनाच्या बचावाच्या युक्त्या मांडल्या. त्यातली एक म्हणजे आक्रमकाशी एकरूप होणं. तिने एका लहान मुलीचं उदाहरण दिलंय. अंधाऱ्या पॅसेजमधून जायला ती मुलगी भुताला घाबरायची. तिने उपाय काढला : चित्रविचित्र हातवारे करत जायचं, म्हणजे आपणच भूत झालो! भूत झालं की भुताची भीती कशाला? मार खाणारा मारणाऱ्याचा वेष चढवतो, आणि निदान काही काळ त्याला आपण दुबळे नाही असं वाटतं.

आता घाशीरामाची कोतवाली बघा. तो काही नवीन शोधून काढत नाही. जे त्याच्यावर झालं तेच तो परत करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्याच्यावर चोरीचा आळ आला होता; तो चोरीच्या आळावरून एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायला लावतो. आणि शेवटी त्याच्या हुकमाने कोंडले जाऊन गुदमरून मरतात ते कोण? ज्यांनी त्याला छळलं ते पुणेकर नव्हेत, तर बाहेरून आलेले, त्याच्या बागेतली फळं खाल्लेले परके ब्राह्मण. म्हणजे पहिल्या दिवशीचा घाशीरामच! सूडच असता तर नेम इतका चुकला नसता. मला वाटतं, त्याचा राग स्वतःच्याच त्या जुन्या, लाचार रूपावर आहे. ते रूप समोर दिसलं की त्याला सहन होत नाही.

मग दडपलेलं मन उसळून वर येतं. गौरी मेलेली असते. जमाव अंगावर येतो तेव्हा घाशीराम पळत नाही. मुलीचं वाटोळं केलं म्हणून मला मारा, असं तोच म्हणतो. बाहेरचा एकही न्यायाधीश देऊ शकला नसता ती शिक्षा त्याला आतल्या न्यायाधीशाने आधीच दिलेली असते. नाना मात्र सहीसलामत. ज्याने हे भूत पोसलं त्याला ओरखडाही नाही, हे तेंडुलकर विसरू देत नाहीत. कारण कळलं म्हणजे माफी मिळाली असंही नाही. गौरीचा सौदा घाशीरामानेच केला.

मित्रांनो, हे सगळं पेशवाईतलं म्हणून सोडून देऊ नका. "आम्ही पण सहन केलं, यांनी का नाही करायचं?" हे वाक्य आपण मेसच्या टेबलावर किती वेळा ऐकतो! महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, यूजीसीचे नियम २००९ सालचे आहेत. ते हवेतच. पण कायदा दारावरची थाप थांबवेल, मनातलं भूत नाही. ज्या पोराला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त त्रास झाला, तोच सेकंड इयरला सगळ्यात पुढे का असतो, याचं उत्तर त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये आहे. तो नव्या पोराला नाही, कालच्या स्वतःला उभं करतो आणि म्हणतो, "मान खाली!"

भूत होणं हा भीतीवरचा एकमेव उपाय नाही. पॅसेजमधला दिवा लावणं हाही आहे. म्हणजे, झालेला त्रास त्रास होता हे मोकळेपणी बोलणं. रूममेटशी, सिनिअरशी, वॉर्डन सरांशी. "त्यात काय एवढं, मजा आली" असं म्हणत तो हसण्यावारी नेला की तो आत तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी नवा बळी शोधतो. घाशीरामाला हे बोलायला सबंध पुण्यात कोणी नव्हतं. आपल्या विंगमध्ये तेवढं एक माणूस तरी असावं.