सामाजिक तपासणी अहवालाची भाषा : वस्तुनिष्ठता आणि सन्मान

प्रस्तावना :
विधिसंघर्षग्रस्त बालकास बाल न्याय मंडळासमोर प्रथम हजर केल्यापासून १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल सादर व्हावा, अशी तरतूद बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ८ मध्ये आहे. हा अहवाल परिविक्षा अधिकारी लिहितात. ते उपलब्ध नसल्यास बाल कल्याण अधिकारी किंवा समाजकार्यकर्ते लिहितात. मंडळाच्या सदस्यांनी त्या मुलाचे घर पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे ते अहवालातील शब्दांतूनच उभे राहते. मूल घरी परतणार की संस्थेत जाणार, या निर्णयात त्या शब्दांचा वाटा मोठा असतो. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी या भाषेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निरीक्षण, कथन आणि निष्कर्ष :
स्वतः पाहिलेले, इतरांनी सांगितलेले आणि त्यावरून आपण काढलेले अनुमान या तीन गोष्टी अहवालात वेगळ्या दिसल्या पाहिजेत. 'आई बेजबाबदार आहे' हे केवळ अनुमान होय. याउलट पुढील नोंद पाहावी : 'दोन्ही गृहभेटींच्या वेळी, सकाळी ११ वाजता, आई घरी नव्हत्या. त्या सकाळी ८ ते सायंकाळी ७ धुणीभांड्याच्या कामाला जातात, असे शेजारच्या महिलेने सांगितले.' पहिल्या वाक्याने मूल घरापासून दूर जाऊ शकते. दुसऱ्याने दिवसा त्याच्याकडे कोण पाहील, हा उपयुक्त प्रश्न उभा राहतो.

वस्तुनिष्ठता म्हणजे प्रतिकूल बाब झाकणे नव्हे. मुलाच्या दंडावर वळ दिसला तर त्याची जागा, अंदाजे लांबी आणि मुलाने सांगितलेले कारण त्याच्याच शब्दांत नोंदवावे.

क्रियापद आणि सर्वनाम :
कलम ३ मध्ये निर्दोषत्वाचे गृहीतक आणि कलंक न लावणाऱ्या शब्दांचा वापर ही दोन्ही तत्त्वे समाविष्ट आहेत. 'मुलाने कबूल केले' असे लिहिताच दोष गृहीत धरला जातो. 'मुलाने सांगितले' हे पुरेसे आहे. 'सराईत', 'वाया गेलेला' ही विशेषणे वर्तनाऐवजी स्वभावावर शिक्का मारतात.

मराठीत आणखी एक धोका संभवतो. अहवालात मुख्याध्यापक 'ते' असतात आणि मजुरी करणारा बाप 'तो' असतो. हा भेद लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मात्र वाचणाऱ्याचे मत तेथूनच घडू लागते. सर्व प्रौढांचा उल्लेख सारखाच आदरार्थी असावा. जात वा वस्ती यांची नोंद आवश्यक असली, तरी ती वर्तनाचे कारण म्हणून मांडू नये.

गोपनीयता :
कलम ९९ नुसार हे अहवाल गोपनीय असतात. तथापि मंडळास योग्य वाटल्यास त्यांतील सारांश बालकास वा पालकांस कळविता येतो व त्यांना पुरावा देण्याची संधी देता येते. म्हणून प्रत्येक वाक्य पालकांसमोर वाचता येईल व पुराव्यानिशी टिकेल, असेच असावे. मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्य नोंदवह्यांतही नाव, शाळा व पत्ता येऊ नये.

समारोप :
अहवाल तपासताना प्राध्यापकांनी शुद्धलेखनाबरोबरच प्रत्येक विधानापुढे 'हे कोणी पाहिले? कोणी सांगितले?' असा प्रश्न लिहावा. ज्या विधानास उत्तर नाही, ते एकतर वगळावे किंवा 'माझे मत' या शीर्षकाखाली कारणांसह मांडावे. ही सवय पदवीपूर्वीच लागणे इष्ट आहे. कारण पुढे त्याच लेखणीवर एखाद्या मुलाचे घर अवलंबून असेल.